नऊ श्रेणी आणि एक गैरहजर

२०११ चा एप्रिल. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे नांदगावच्या आमच्या घरी निकालाचं काम रात्री वीज आल्यावर सुरू व्हायचं. समोर पाचवीचं गुणपत्रक, शेजारी शासन निर्णयाची झेरॉक्स, आणि पडद्यावर एक्सेलची एक चौकट, जिच्यात मी एकच सूत्र चौथ्यांदा लिहीत होतो. यंत्र ते घेत नव्हतं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला होता आणि त्याच वर्षीच्या २० ऑगस्टच्या शासन निर्णयानं प्राथमिक शाळांमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्या पद्धतीचा पहिला वार्षिक निकाल आम्ही लावत होतो. आकारिक आणि संकलित गुणांची बेरीज करायची आणि त्या बेरजेवरून प्रत्येक विषयाची श्रेणी लिहायची. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, मग ब-१, ब-२, क-१, क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१, २० किंवा त्याहून कमी इ-२. एकूण नऊ श्रेणी. वर्गात ४२ मुलं, विषय आठ, म्हणजे एका सत्राच्या ३३६ श्रेण्या. हाताने लिहिताना रात्री अकरानंतर डोळा चुकतो, ८० ला अ-२ लागतो आणि सकाळी खाडाखोड करावी लागते. निकालपत्रकावर खाडाखोड म्हणजे तिथे सही, आणि केंद्रप्रमुखांपुढे खुलासा.

म्हणून मी यंत्राला नियम सांगत होतो. जर गुण ९१ किंवा जास्त असतील तर अ-१. नाहीतर, जर ८१ किंवा जास्त असतील तर अ-२. नाहीतर, जर ७१... एका ‘जर’च्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. आमच्याकडे एक्सेल २००३ होतं आणि त्यात एका सूत्राच्या पोटात सातच पातळ्या मावत. नऊ श्रेणी त्यात कशाबशा बसल्या. पण एक मुलगी परीक्षेच्या दिवसांत ऊसतोडीच्या गावी आईबरोबर होती, तिच्या पुढे ‘गैरहजर’ यायला हवं होतं आणि येत होतं इ-२, कारण रिकाम्या चौकटीला यंत्र शून्य समजत होतं. आणखी एक ‘जर’ घालावा तर सूत्र नाकारलं जाई. जे मूल परीक्षेला नव्हतंच, त्याला सगळ्यात खालची श्रेणी देणं मला मान्य नव्हतं.

पलंगावर आबा जागे होते. माझे वडील, वय ७८. थोडा वेळ पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘‘अरे, पण दरसूची कुठं आहे तुझी?’’

हा प्रश्न समजण्यासाठी तीस वर्षं मागे जावं लागतं.

नांदगाव तालुका कोरडा. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, पांझणजवळ, १९६९ चं; पण त्याचं पाणी खाली जळगावकडे जातं आणि वरच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो. १९७२ च्या दुष्काळात अख्खा तालुका खडी फोडायला बसला होता. पुढे महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला तो १९७७ मध्ये, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा जगातल्या अगदी पहिल्या काही कायद्यांपैकी एक. वि. स. पागे यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं आणि ते घेतलंच पाहिजे. पण कामावर रोज सकाळी हजेरी कोण घेत होतं, पंधरवड्याच्या शेवटी कुणाच्या हातावर किती रुपये पडणार हे कोण काढत होतं, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. माझे वडील त्यांच्यातले. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची कामं. जिथे मस्टर उघडलं तिथे ते. लोक त्यांना मस्टरवाले आबा म्हणत.

त्या मस्टरमधला हिशोब साधा नव्हता. मजुरी दिवसावर नसे, कामाच्या मापावर असे. एका टोळीनं किती घनमीटर खोदलं हे ओव्हरसियर मोजमाप पुस्तकात लिहायचे. मग बघायचं, खोदलं काय? माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम की खडक? प्रत्येकाचा दर वेगळा. खोदलेली माती डोक्यावरून किती लांब नेली, त्याला ‘लीड’ म्हणत. किती उंच चढवली, त्याला ‘लिफ्ट’. दोन्हींचे दर वरून चढायचे. अशी टोळीची सगळी रक्कम निघाली की तिला टोळीच्या एकूण हजेऱ्यांनी भागायचं, आणि ज्याच्या जेवढ्या हजेऱ्या त्याला तेवढ्या पटीत द्यायचं. बाई असो की बाप्या, हजेरीचा भाव एकच.

आबांच्या पिशवीत दरसूचीची चोपडी असायची, कोपरे मुडपलेली, मधली पानं तेलकट. मी आठवी-नववीत होतो. सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर जायचो आणि संध्याकाळी कंदिलाजवळ बसून भागाकार करून द्यायचो. एकदा मी दर पाठ केले. मला वाटलं शाबासकी मिळेल, पण त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, दर पाठ करायचे नाहीत. दर बदलतात. पाठ केलेला जुना दर तोंडातून निघतो आणि गरिबाचे पैसे जातात. दर चोपडीत राहू दे, तू फक्त कुठल्या ओळीत बघायचं तेवढं शीक.

त्या एप्रिलच्या रात्री त्यांनी ‘दरसूची कुठंय’ विचारलं ते यामुळे. मी नऊ श्रेणी सूत्राच्या पोटात कोंबत होतो. त्यांना ते दर पाठ करण्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नांदगावात संगणक सेंटर चालवणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. त्याला म्हटलं, मला कोष्टक बाजूला ठेवायचंय आणि यंत्रानं त्यात बघून श्रेणी आणायची आहे. तो म्हणाला, ‘‘सर, त्याला व्हीलुकअप म्हणतात,’’ आणि पाच मिनिटांत दाखवलं. मी घरी येऊन शेजारच्या दोन रकान्यांत कोष्टक लिहिलं, शासन निर्णयात होतं तसंच, ९१ वर आणि खाली उतरत शून्यापर्यंत. निम्म्या मुलांपुढे चूक आली, काहींपुढे भलतीच श्रेणी. तास गेला तेव्हा कळलं की यंत्राला कोष्टक खालून वर लागतं: आधी ०, मग २१, ३३, ४१, ५१, असं चढतं. ते पहिल्या ओळीपासून शोधत नाही. शब्दकोशात आपण मध्ये पान उघडतो आणि मग ठरवतो की मागे जायचं की पुढे, तसं ते शोधतं. आणि शब्दकोशाचा क्रमच उलटा असेल तर माणूसही चुकेल. कोष्टक उलटवलं. ३३६ चौकटी एका दमात बरोबर भरल्या. आता बाहेर एकच ‘जर’ लावायचा उरला होता: चौकट रिकामी असेल तर ‘गैरहजर’. तो सहज बसला.

आबा तेव्हा झोपले होते. सकाळी त्यांना दाखवलं. त्यांनी आधी कोष्टकातल्या ओळी मोजल्या. नऊ.

रोजगार हमी कायदा ज्या वर्षी अमलात आला, त्याच १९७९ मध्ये अमेरिकेत व्हिजिकॅल्क नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. डॅन ब्रिकलिन हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचं कोष्टक मांडत, त्यात एक आकडा चुकला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. ब्रिकलिनला वाटलं, फळाच असा हवा की एक आकडा बदलला तर बाकीचे आपोआप बदलतील. बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्यानं तो बनवला. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर एक्सेल. त्या फळ्यासमोर बसलेला विद्यार्थी आणि पाझर तलावाच्या भरावावर बसलेले आबा, दोघांची अडचण एकच होती हे मला फार उशिरा कळलं. एकाकडे यंत्र होतं, दुसऱ्याकडे खोडरबर.

आपल्याकडे संगणकाचा इतिहास लिहिताना मुंबईच्या टीआयएफआरमधल्या टिफ्रॅकपासून सुरुवात होते. १९६० मध्ये तो कामाला लागला, आणि तो भारतात बनला याचा अभिमान मलाही आहे. मग पुण्यातलं सी-डॅक, १९८८ ची स्थापना, डॉ. विजय भटकर, १९९१ चा परम महासंगणक. हे खरंच आहे. पण माझ्या तालुक्यात संगणक या वाटेनं आला नाही. नांदगावात सी-डॅकचं नाव माहीत झालं ते मराठी टंकनामुळे, त्यांच्या आयएसएम या प्रणालीमुळे, परममुळे नव्हे. आणि त्याच्याही आधी आमच्याकडे होता तो टाइपरायटर.

नांदगाव तसं जुनं स्टेशन. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे इथून भुसावळकडे गेली, आणि निजामाच्या मुलखात मनमाडहून औरंगाबादकडे रेल्वे जाईपर्यंत, म्हणजे १९०० च्या सुमारापर्यंत, वेरूळची लेणी बघायला जाणारे साहेबलोक इथेच उतरून पुढे गाडीरस्त्यानं जात. स्टेशन आलं की मालधक्का येतो, पावत्या येतात, कारकून येतात. मनमाड आमच्याच तालुक्यातलं. तिथे रेल्वेचा कारखाना. त्यामुळे दहावी झालेल्या मुलानं टायपिंग लावायचं ही इथली रीत होती. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा, मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. संध्याकाळी त्या क्लासपुढून गेलं की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा.

या मुलांची बोटं पुढे संगणकावर आली, आणि त्यांना एक गोष्ट आड आली. टाइपरायटरचा कळफलक रेमिंग्टनचा, संगणकावर सरकारनं ठरवलेला इनस्क्रिप्ट. आयएसएममध्ये टाइपरायटरचा कळफलकही निवडता यायचा, म्हणून बहुतेकांनी जुनीच बोटं चालवली. त्याहून मोठी अडचण डोळ्यांना दिसत नव्हती. तेव्हाच्या मराठी फाँटमध्ये पडद्यावर ‘अहिरे’ दिसे, पण यंत्राच्या पोटात तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं असत. फाँट बदलला की नावाचा भुगा. मुलांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली की यंत्र त्या रोमन चिन्हांच्या क्रमानं लावे, आणि आमच्या हजेरीपटाशी त्याचा काही मेळ बसत नसे. छापण्यापुरतं मराठी होतं, हिशोबापुरतं नव्हतं. युनिकोड वापरात आलं तेव्हाच आमची नावं यंत्राला नावं म्हणून कळू लागली. मराठी माणसाच्या हाती प्रोग्रॅमिंग उशिरा आलं याची कारणं शोधताना लोक इंग्रजीकडे बोट दाखवतात. मी या फाँटकडे दाखवीन.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि २००२ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली. सरकारी सेवकांना ती आवश्यक झाली. वेतनवाढ थांबेल या धास्तीनं आम्ही शिक्षक रात्रीच्या बॅचला बसलो. चाळिशी-पन्नाशीचे लोक, माऊस हातात घट्ट धरून. या अभ्यासक्रमाला नावं ठेवायची एक पद्धत पडली आहे, की त्यातून नुसती प्रमाणपत्रं निघाली. मला ते पटत नाही. तालुक्याच्या गावी, मराठीतून, ठरलेल्या फीमध्ये यंत्राला हात लावू देणारी दुसरी जागा तेव्हा नव्हती. त्यात एक्सेलचा जो भाग होता, बेरीज आणि सरासरीचा, तो बहुतेकांनी परीक्षेनंतर सोडून दिला. ज्यांच्याकडे रोज भरायचं रजिस्टर होतं त्यांनी मात्र तो सोडला नाही. पुढे तालुक्यात जे कुणी प्रोग्रॅमिंगपर्यंत पोचले, त्यांच्याकडे मी नीट पाहिलंय. शाळेतले शिक्षक, सोसायटीचे सचिव, पतपेढीतले कारकून, ग्रामसेवक, दूध डेअरीवर फॅट लावणारी मुलं. सगळ्यांकडे एक-एक वही होती. यंत्र शिकायला ते आले नव्हते, वहीचा ताप कमी करायला आले होते.

वही यंत्रात घालताना कुठे काय मोडतं, ते सांगतो. कारण माझ्या हातून ते मोडलं आहे.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांचा जन्म १ जूनचा. शाळा जूनमध्ये भरायची, घरी तारीख कुणाला ठाऊक नसायची, गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे आणि सहा वर्षांचा धरून १ जून लिहायचे. माझीही तीच आहे: १ जून १९६६. दाखल्यावर असलेली ही तारीख पुढे नोकरीला, निवृत्तीला, पेन्शनला लागते. खरी असो की नसो, जनरल रजिस्टरमध्ये लिहिली ती तारीख, तिला कुणी हात लावायचा नाही हा शाळेचा धर्म.

२०१२ च्या जूनमध्ये शाळा सोडल्याचे दाखले मी यंत्रातून काढायचं ठरवलं. जनरल रजिस्टरमधून सातवीच्या मुलांच्या तारखा भरल्या. आमच्या यंत्रात तारखेची पद्धत अमेरिकन होती: आधी महिना, मग दिवस. मी ०१/०६ लिहिलं की ते ६ जानेवारी समजत होतं. आणि पडद्यावर १/६ च दिसत होतं, त्यामुळे डोळ्याला काही कळत नव्हतं. १५/०६ लिहिलं तर पंधरावा महिना नसल्यानं त्याला ती तारीख वाटतच नव्हती. ते ती नुसती अक्षरं म्हणून ठेवत होतं. खूण एकच होती. समजलेली तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, न समजलेली डावीकडे चिकटून राहते. मी ते बघितलं होतं, काही तारखा डावीकडे काही उजवीकडे, आणि नीटनेटकं दिसावं म्हणून सगळ्या मधोमध आणल्या. ती एकुलती खूण मी माझ्या हातानं पुसली.

दाखल्यावर जन्मतारीख अक्षरीही लिहावी लागते. ती यंत्रानं लिहिली. संध्याकाळी एक शेतकरी बाप दाखला घेऊन परत आला, शांतपणे म्हणाला, ‘‘गुरुजी, आमचा पोऱ्या जानेवारीचा कवापासून झाला?’’ नऊ दाखले गेले होते. मी सायकलवर बसून नऊही घरी गेलो, दाखले परत घेतले, नवे हातानं लिहून दिले. एक मुलगा मनमाडला मामाकडे गेला होता, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं मनमाडला गेलो.

त्यानंतर मी तारीख कधी एका चौकटीत भरली नाही. दिवस एका रकान्यात, महिना दुसऱ्यात, वर्ष तिसऱ्यात, आणि चौथ्यात यंत्राला सांगायचं की या तिन्हींची मिळून तारीख कर. वय काढायला डेटडिफ नावाचं सूत्र आहे. यादीत ते दिसत नाही, जुन्या लोटसशी जुळावं म्हणून आत ठेवलेलं आहे, पण हातानं लिहिलं की चालतं. पहिलीच्या प्रवेशाला वय मोजताना त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलं नाही. आणि मधोमध आणायचं बटण मी वर्गातल्या कुठल्याही यादीला लावत नाही.

मॅक्रोपर्यंत मी २०१३ मध्ये गेलो. प्रगतिपुस्तकं छापायची होती. एका मुलाचा हजेरी क्रमांक घालायचा, पान भरलं की छापायचं, पुढचा क्रमांक घालायचा. हे यंत्राला एकदा ‘रेकॉर्ड’ करून दाखवलं आणि पुन्हा चालवलं, तर पहिल्याच मुलीचं प्रगतिपुस्तक पुन्हा निघालं. मी जे केलं तेच ते करत होतं, क्रमांक १ सकट. मग मॅक्रो उघडून आत बघितलं. आत इंग्रजीत सात-आठ ओळी, आणि त्यात एका जागी तो १. तिथे २ लिहिला, दुसऱ्या मुलाचं निघालं. म्हणजे हा आकडाच फिरता हवा. कुणीतरी सांगितलं फॉर आणि नेक्स्ट. ते दोन शब्द लिहायला मला दोन आठवडे लागले आणि ४२ प्रगतिपुस्तकं छापायला वीस मिनिटं.

हे शब्द कुठून आले ते नंतर वाचलं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा केली, ती विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता यावा म्हणून. एक्सेलच्या पोटातली भाषा, १९९३ मध्ये आलेली, त्याच घराण्यातली. प्रोग्रॅमर नसलेल्यांसाठी केलेली भाषा एकोणपन्नास वर्षांनी नांदगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाला पोचली. त्या दोन प्राध्यापकांना मी गुरुस्थानी मानतो. दुसरे गुरू आयआयटी मुंबईचे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी तिथे स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प उभा केला: दहा-दहा मिनिटांचे पाठ, आवाज मराठीत, पडद्यावर प्रत्यक्ष काम. पाठ थोडा ऐकायचा, थांबवायचा, तेवढंच स्वतः करायचं. लिब्रेऑफिसच्या कॅल्कचे पाठ मी असे केले. आबा पलंगावरून ऐकत असत. त्यांना तो मराठी आवाज आवडायचा.

२०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं, सरल प्रणाली आली, आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रुळला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं, तेव्हा आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली. पण त्याच काळात राज्यभर शेकडो शिक्षक निकालपत्रकाच्या, शालेय पोषण आहाराच्या, आयकराच्या एक्सेल फायली बनवत होते, पेन ड्राइव्हवरून आणि व्हॉट्सॲपवरून एकमेकांना देत होते. तांदूळ किती आला, पटावर मुलं किती, आज किती शिजला, शिल्लक किती. हे रोजचं गणित एका माणसानं एकदा बसवलं आणि तालुक्यातल्या शाळा सुटल्या. या फायलींचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. बनवणारा कोपऱ्यात ‘निर्मिती’ म्हणून आपलं नाव घालायचा, तेवढीच त्याची नोंद.

यात एक गोष्ट मला खटकत आली आहे. बऱ्याच जणांनी आपल्या फायलींना पासवर्ड लावला. कुणीतरी सूत्र बिघडवेल ही काळजी खरी होती, नाव पुसून स्वतःचं घालणारेही होते. पण कुलूप लावलेल्या फाइलमधून पुढचा माणूस काही शिकत नाही, नुसता भरतो. आणि पुढच्या वर्षी नियम बदलला की सगळ्या शाळा बनवणाऱ्याच्या फोनची वाट बघत बसतात. मी माझ्या फायली उघड्या ठेवल्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला अर्धा तास मागून घ्यायचो आणि एकच सूत्र दाखवायचो. एकदा एका बाईंनी विचारलं, ‘‘सर, ३२.५ गुण झाले तर?’’ श्रेणीचं कोष्टक ३२ ला संपतं आणि ३३ ला सुरू होतं. वहीत लिहिताना प्रत्येक जण आपापल्या मनानं अर्धा गुण वर ढकलत होता किंवा खाली, आणि हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. यंत्रानं तो उघडा केला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की अर्धा गुण मुलाच्या बाजूनं धरायचा, आणि मी सूत्र तसं बदललं.

आबा २०१६ मध्ये गेले. त्यांची दरसूचीची चोपडी माझ्या कपाटात आहे. मी ३१ मे २०२४ ला निवृत्त झालो, कागदावरच्या १ जूनमुळे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. पाचवीत असताना ती गुण वाचून दाखवायची आणि मी भरायचो. आता ती एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशोबाला आहे. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधला कांदा लिलावात विकला की त्याची हिशोबपट्टी करायची असते: वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा. दिवसात तिच्याकडे शंभरावर पट्ट्या येतात. तिनं मोबाइलवर गूगल शीट्समध्ये ते बसवलं होतं आणि मला बघायला पाठवलं.

मी आधी सूत्रं बघितली. कुठल्याच सूत्रात दराचा आकडा नव्हता. सगळे दर दुसऱ्या पानावर, एका छोट्या कोष्टकात, खालून वर चढत्या क्रमानं. कुलूप नव्हतं.

‘‘सर, एकच अडतंय,’’ ती म्हणाली. ‘‘वजन पूर्ण क्विंटलात येत नाही. वरच्या चाळीस-पन्नास किलोला तोलाई किलोवर धरायची, की पूर्ण क्विंटलची? मालक म्हणतात पूर्ण. एक शेतकरीदादा काल पट्टी घेऊन परत आले होते.’’

मी तिला म्हटलं, ते सूत्रात शोधू नकोस. सकाळी लवकर बाजार समितीत जा, दराचा छापील कागद माग, मापाऱ्याला विचार ते आजवर कसं धरतात, आणि तो शेतकरी काय म्हणत होता तेही नीट ऐकून घे. मग मला फोन कर. सूत्र दोन मिनिटांचं आहे.

दुसऱ्या दिवशी साडेनवाला तिचा फोन आला. मागे लिलावाचा गलका होता.